सावलीतल्या अनोळखी फुलझाडाची ओळख : मोबाइल की भिंग?

उत्तरेकडच्या भिंतीलगत, जिथे दिवसभर ऊन येत नाही, अशा वाफ्यात एखादे झुडूप आपोआप उगवते, त्याला फिकट जांभळी, नळीसारखी फुले येतात आणि ते राखावे की उपटावे, हे ठरवण्यासाठी त्याचे नाव कळणे भाग पडते. सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाही अशा कोपऱ्यात तग धरणारी झुडपे अनेकदा अडुळशाच्या कुलातली निघतात, आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण या कुलातल्या कित्येक जातींची फुले वरवर पाहता सारखीच दिसतात.

नर्सरीतून आणलेल्या विदेशी शोभेच्या झाडासाठी प्लांटनेटसारखे, फोटोवरून झाडाचे नाव सुचवणारे मोबाइल ॲप मला निःसंशय सोयीचे वाटते. ती झाडे जुन्या फ्लोरात, म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींची वर्णने देणाऱ्या ग्रंथात, बहुधा सापडतच नाहीत. आपोआप उगवलेल्या झाडाच्या बाबतीत मात्र माझे मत हळूहळू बदलत गेले. ॲप नावांची यादी देते आणि प्रत्येक नावापुढे टक्केवारी देते. ते नाव कोणत्या लक्षणावरून ठरवले, हे मात्र सांगत नाही. सावलीत काढलेल्या फोटोत जांभळा रंग निळसर उतरतो. माझ्या वाफ्यातल्या एकाच फांदीला सकाळच्या फोटोत ॲसिस्टेशिया हे नाव मिळाले आणि संध्याकाळच्या फोटोत स्यूडेरँथेमम; दोन्ही अडुळशाच्याच कुलातली. यांतले कोणते खरे, हे पडताळण्याचा कोणताही मार्ग ॲपने हाती ठेवला नव्हता, आणि मला सर्वाधिक खटकले ते हेच.

वनस्पतिशास्त्रज्ञ थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा (1901 ते 1908) वाचायला किचकट आहे, हे मान्य करायला हवे. त्यातली इंग्रजी शास्त्रीय भाषा सवयीची व्हावी लागते, शिवाय काही नावे आता बदललेली आहेत; आजचा एरँथेमम रोजियम जुन्या ग्रंथांत डेडालकँथस रोजियस म्हणून शोधावा लागतो. तरीही फ्लोरा आपल्याला एकेक नेमका प्रश्न विचारत पुढे नेतो. ब्लेडने फुलाची नळी उभी चिरून भिंगाखाली धरली, तेव्हा आत दोन लांब व दोन आखूड असे चार पुंकेसर स्पष्ट दिसले. स्यूडेरँथेममच्या फुलात कार्यक्षम पुंकेसर दोनच असतात, त्यामुळे ते नाव तिथेच बाद झाले. याच कुलातल्या रुएलियालाही चारच पुंकेसर असतात. पण तिच्या बोंडात पुष्कळ बिया असतात, तर ॲसिस्टेशियाच्या बोंडात जास्तीत जास्त चार. मी फोडलेल्या बोंडात चार निघाल्या, म्हणजे झुडूप ॲसिस्टेशियाचेच ठरले.

या ओळखीचा उपयोग प्रत्यक्ष लागवडीतही झाला. ॲसिस्टेशियाच्या जमिनीवर लोळणाऱ्या फांद्यांना पेरापेराशी मुळे फुटतात, म्हणून ती वाफ्यात मोकळी न सोडता कुंडीत लावलेली बरी. ज्यांना फुले चिरत बसण्याइतकी सवड नाही, त्यांनी ॲप अवश्य वापरावे; मात्र फोटोबरोबर फूल आणि पिकलेले बोंड असलेली एक फांदी कागदात दाबून ठेवावी, म्हणजे पुढे शंका आलीच तर शहरातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात ती दाखवता येईल.