एक्स-८६ वरून आर्मवर: एसईएल४ घ्यावा की एल४आरई?

व्हीएमएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) इंटेलवर, म्हणजे एक्स-८६ वर, व्यवस्थित चालतोय आणि आता तोच ६४-बिट आर्मच्या बोर्डावर न्यायचाय, अशा टप्प्यावर असाल तर खाली मायक्रोकर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा अगदी छोटा गाभा) कुठला ठेवायचा, एसईएल४ की एल४आरईमधला, हे आधी ठरवा. मी दोन्हींवर काम केलंय. दोन्ही एल४ या मायक्रोकर्नल घराण्यातले, दोन्ही ओपन सोर्स, आणि दोन्हीकडे गेस्ट (व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) सांभाळण्याचं बहुतेक काम यूजर मोडमधला, म्हणजे कर्नलबाहेर चालणारा, व्हीएमएमच करतो. कागदावर फारसा फरक दिसत नाही. तो कळतो कोड हलवायला घेतल्यावर.

एसईएल४ चं बळ म्हणजे प्रूफ. २००९ मध्ये सिडनीच्या निक्टा या संशोधन संस्थेमध्ये त्याच्या सुमारे ८,७०० ओळींच्या सी कोडची अचूकता गणिताने सिद्ध झाली, तीही आर्मवरच. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र प्रूफ ठरावीक कॉन्फिगरेशनपुरतं असतं. एक्स-८६ वर व्हीटी-एक्स (इंटेलची व्हर्च्युअलायझेशनची हार्डवेअर सोय) त्यात धरलेलं नाही, मल्टिकोर बांधणीही नाही. सर्टिफिकेशन करायचं असेल तर हे सुरुवातीलाच तपासून घ्या.

मला अडलं ते दुसरीकडेच. एसईएल४ मध्ये एक्स-८६ वर व्हीएमएमचा थ्रेड स्वतः व्हीएमएंटर हा गेस्टमध्ये शिरण्याचा कॉल करतो आणि गेस्ट त्याच थ्रेडवर धावतो. एक्झिट झाली, म्हणजे गेस्टमधून ताबा बाहेर आला, की कॉल परत येतो, कारण बघायचं, पुन्हा आत जायचं. आर्मवर गेस्टचा व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) वेगळ्याच थ्रेडला जोडलेला असतो. तो थ्रेड स्वतंत्रपणे शेड्यूल होतो, आणि स्टेज-२ फॉल्ट (गेस्टने त्याला न दिलेल्या मेमरी पत्त्याला हात लावला) आला की व्हीएमएमला आयपीसी मेसेज (कर्नलमार्फत दुसऱ्या थ्रेडकडून येणारा निरोप) मिळतो. म्हणजे मुख्य लूपचा साचाच बदलतो. ‘व्हीएमएम जागा आहे म्हणजे गेस्ट थांबलेला आहे’ हे एक्स-८६ वर आपोआप खरं असतं, आणि ते गृहीतक व्हर्टआयओच्या (गेस्टला दिलेल्या व्हर्च्युअल डिव्हाइसच्या) कोडमध्ये कुठे कुठे मुरलंय ते शोधत बसावं लागतं. इंटरप्टचंही तेच. एक्स-८६ वर तो व्हीएमएंटरच्या वेळी आत जातो, आर्मवर स्वतंत्र कॉलने, आणि जीआयसीचं (आर्मच्या इंटरप्ट कंट्रोलरचं) लिस्ट रजिस्टर, म्हणजे गेस्टला द्यायचा इंटरप्ट ठेवायची जागा, रिकामं नसेल तर तो रांगेत ठेवून जागा झाल्याचं कळवणाऱ्या मेंटेनन्स फॉल्टची वाट बघायची. कुठलीच गोष्ट चूक नाही, पण दोन्ही आर्किटेक्चर एकाच कोडमधून सांभाळताना हे सतत टोचत राहतं.

एल४आरईमध्ये ड्रेस्डेनचा फियास्को कर्नल आहे. तिथे गेस्ट आणि त्याला सांभाळणारा व्हीएमएमचा कोड एक्स-८६ आणि आर्म दोन्हीकडे एकाच थ्रेडवर चालतात. व्हीसीपीयूची स्टेट भरायची, रिझ्यूम करायचं, एक्झिटनंतर ताबा त्याच थ्रेडमध्ये परत. आर्मवर परतीची वाट थोडी वेगळी आहे, रजिस्टर्स तर वेगळी असणारच, पण सांगाडा तोच राहतो. शिवाय एल४आरईचा स्वतःचा व्हीएमएम, यूव्हीएमएम, एक्स-८६ वरही गेस्टचं वर्णन डिव्हाइस ट्रीनेच (हार्डवेअरची मांडणी सांगणाऱ्या फाइलनेच) घेतो, त्यामुळे आर्मवर जाताना डिव्हाइसची मांडणी नव्याने करावी लागत नाही.

उणिवा तिकडेही आहेत. फियास्कोचा सी++ कोड आधी स्वतःच्या प्रीप्रोसेसरमधून जातो, त्यामुळे एडिटरला फंक्शनची व्याख्या शोधून देता येत नाही. नवख्याला वाचायला एसईएल४ चं मॅन्युअल माझ्या मते बरंच सोपं.

काही कामं मात्र कुठलाही कर्नल घेतला तरी चुकत नाहीत. लिनक्स गेस्ट सुरू होतो तेव्हा त्याचा एमएमयू (मेमरीचे पत्ते बदलून देणारा भाग) बंद असतो. त्याची इमेज डी-कॅशमध्येच (प्रोसेसरच्या डेटा कॅशमध्येच) अडकली असेल तर गेस्ट रॅममधला जुना कचरा वाचतो आणि कन्सोलवर एक अक्षरही न येता गप्प होतो. कॅश क्लीन केलाच, म्हणजे त्यातला डेटा रॅममध्ये उतरवलाच पाहिजे. व्हर्टआयओच्या रिंगमध्ये (गेस्ट आणि व्हीएमएममधल्या सामायिक रांगेत) मेमरीच्या कामांचा क्रम राखणारा बॅरियर नसूनही इंटेलवर निभावतं, आर्मवर निभावत नाही. उलट एमएमआयओसाठीचा (मेमरीच्या पत्त्यांवरून डिव्हाइसशी बोलण्यासाठीचा) एक्स-८६ चा इन्स्ट्रक्शन डीकोडर बहुतेक ठिकाणी काढून टाकता येतो, कारण साध्या लोड-स्टोअरला रजिस्टर आणि आकार दोन्ही ईएसआरमध्ये (फॉल्टचं कारण सांगणाऱ्या आर्मच्या रजिस्टरमध्ये) तयार मिळतात.

तुमचं लक्ष्य फक्त आर्म असेल, व्हीएमएम अजून लिहायचाच असेल आणि प्रूफची खरोखर गरज असेल, तर माझी तक्रार तुम्हाला लागू होत नाही. आधी एसईएल४ बघा. इंटेलची आवृत्तीही जिवंत ठेवायची असेल, तर मी तरी पुन्हा एल४आरईच घेईन, आणि डिव्हाइसना हात लावण्याआधी गेस्टला व्हर्च्युअल टायमरचा पीपीआय २७ (त्या प्रोसेसरपुरता २७ क्रमांकाचा इंटरप्ट) पोचतोय का, ते बघेन.