क्रोम, एज की फायरफॉक्स : दुकानातल्या कॉम्प्युटरवर नक्की काय ठेवायचं?

परवा तासगावचे एक अण्णा आलेले, बेदाण्याचा व्यापार आहे त्यांचा, जीएसटी, बँक, ट्रान्सपोर्टची बिलं सगळं आता ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालतं. म्हणाले, "तू दिवसभर हेच करतोस, मला एकच सांग, बँकेचं काम कशात करू?" मी सांगलीत विश्रामबागला सेवा केंद्र चालवतो, तीन कॉम्प्युटर, जूनमध्ये दाखल्यांची गर्दी आणि जुलैत पीक विम्याची, त्यामुळं तिन्ही ब्राउझर रोज हाताखालून जातात. अण्णांना जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय.

आधी विंडोज कुठलं आहे ते बघा, ब्राउझर नंतर. सांगलीत अजून लय दुकानांत विंडोज ७ आहे, हिशेबाचं टॅली चालतंय म्हणून कुणी हात लावत नाही. तिथं क्रोम १०९ व्हर्जनवर थांबलंय, फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आलं आणि तिथून पुढं विंडोज ७ आणि ८.१ ला क्रोम बंद. म्हणजे क्रोम उघडतं, साइटी दिसतात, पण त्यानंतर सुरक्षेत सापडलेली सगळी भोकं तशीच उघडी. फायरफॉक्सनं मात्र ११५ नंबरचं ईएसआर (जास्त काळ सांभाळलं जाणारं) व्हर्जन या जुन्या मशिनींसाठी चालू ठेवलं आणि त्याची शेवटची तारीख दोन-तीनदा पुढं ढकलली. म्हणून मशीन बदलायला वेळ लागणारच असेल तर तोवर फायरफॉक्स ईएसआर (त्याला अपडेट अजून येतंय ना तेवढं बघा), पण त्यावर बँक उघडू नका, कारण खालचं विंडोजच उघडं पडलंय. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी त्यावर एजला निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट देणार असं त्यांनी सांगितलंय. पण ते ब्राउझरचं झालं, विंडोजची भोकं त्यानं बुजत नाहीत.

आता सुरक्षेचं. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा ही नावं वेगळी असली तरी आतलं इंजिन एकच, क्रोमियम. एज २०२० च्या जानेवारीत त्यावर आलं. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं, गेको. त्यामुळं क्रोमियममध्ये भोक सापडलं की चौघांनाही दुरुस्ती लागते, ती बहुतेक वेळा क्रोमला आधी येते आणि बाकीच्यांना मागोमाग. आणि कधी कधी इंजिन वेगळं असून पण उपयोग नसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारचे फोटो उघडणाऱ्या लायब्ररीत (तयार कोडच्या तुकड्यात) भोक निघालं, ती लायब्ररी सगळेच वापरत होते, त्यामुळं क्रोम, एज, फायरफॉक्स सगळ्यांना घाईनं अपडेट काढावं लागलं. क्रोमचं ११ तारखेला आलं, फायरफॉक्सचं १२ ला. म्हणजे कंपन्या झोपलेल्या नसतात, उशीर आपल्याकडंच होतो. अपडेट डाउनलोड होतं, पण ब्राउझर बंद करून परत उघडल्याशिवाय लागू होत नाही, आणि दुकानातला ब्राउझर आठ-आठ दिवस बंदच होत नाही, संध्याकाळी नुसता स्क्रीन बंद करून शटर ओढायचं. वर उजव्या कोपऱ्यात अपडेटचं बटण दिसत असतं, पोरं तिकडं बघत नाहीत. क्रोमला ऑगस्ट २०२३ पासून दर आठवड्याला सुरक्षेचं अपडेट येतं, तेव्हा माझ्याकडं नियम केलाय, रोज रात्री तिन्ही मशिनीवर ब्राउझर पूर्ण बंद.

एक साइट दुसऱ्या साइटच्या डेटात डोकावू नये म्हणून प्रत्येक साइटला वेगळी कोठडी देणं, हे क्रोमनं २०१८ लाच कॉम्प्युटरवर चालू केलं, फायरफॉक्सला २०२१ चा शेवट उजाडला. या बाबतीत क्रोमियमवाले पुढं आहेत असं माझं मत. पण मागावर राहणाऱ्या कुकीज (साइटी ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) रोखण्यात फायरफॉक्स सरस, जून २०२२ पासून ते प्रत्येक साइटच्या कुकीज आपोआप वेगळ्या डब्यात ठेवतं. फसव्या साइटचा लाल इशारा तिघंही देतात, क्रोम आणि फायरफॉक्स गूगलची यादी वापरतात, एज मायक्रोसॉफ्टची.

आता जे मला खरं सांगायचंय ते. माझ्याकडं कामाला एक पोरगा होता, हुशार आणि गुणी. त्यानं काउंटरच्या क्रोममध्ये स्वतःचं जीमेल लॉगिन केलेलं, गाणी लावायला. गिऱ्हाईक येणार, पोर्टलचा आयडी-पासवर्ड सांगणार, वर डबी येणार "पासवर्ड सेव्ह करू का", हा घाईत हो म्हणणार. एका रविवारी मी सेटिंगमध्ये पासवर्डची यादी उघडली तर खाली खाली जातच राहिली, ३४ माणसांचे पासवर्ड. डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारली की पासवर्ड स्पष्ट अक्षरात, कारण विंडोजलाच पासवर्ड ठेवला नव्हता, त्यामुळं काही विचारायचा प्रश्नच नाही. आणि सिंक (एकाच खात्याचा डेटा सगळीकडं सारखा ठेवणं) चालू असल्यानं ती सगळी यादी त्याच्या मोबाइलमध्ये पण गेलेली, त्याला बिचाऱ्याला पत्ताच नाही. त्याचा मोबाइल एसटीत हरवला असता तर? त्या रात्री साडेदहापर्यंत एकेकाला फोन करून पासवर्ड बदलायला लावले. लोक विश्वासानं पासवर्ड सांगतात हो, म्हातारी माणसं तर वहीच पुढं करतात. तो विश्वास माझ्या काउंटरवर असा उघडा पडलेला होता याची अजून खंत वाटते.

म्हणून सेवा केंद्राला किंवा जिथं दहा जण एकच मशीन वापरतात तिथं मी क्रोम किंवा एजच सांगीन, त्यातली गेस्ट विंडो उघडायची, त्यात सेव्ह केलेले पासवर्ड नसतात, एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या सोयी) नसतात आणि बंद केली की हिस्ट्री, कुकीज पुसून जातात, डाउनलोड केलेल्या फायली मात्र राहतात. फायरफॉक्सला असं तयार गेस्ट नाही. उलट स्वतःच्या ऑफिसात पासवर्ड सेव्ह करणारच असाल तर फायरफॉक्समधला प्रायमरी पासवर्ड लावा, तो विंडोजपासून वेगळा असतो, त्यामुळं दिवाणजीनं मशीन चालू केलं तरी यादी कुलपात राहते.

एक्स्टेन्शनचं थोडक्यात. पीडीएफ जोडायचं, कूपन शोधायचं, असलं काही टाकू नका, बँकेच्या ब्राउझरमध्ये तर एकही नको. जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन तेवढं मी ठेवतो, खोट्या डाउनलोड बटणावर पोरांचा हात जात नाही. ते पूर्ण ताकदीनं फायरफॉक्सवर चालतं, क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यावर तिथं 'लाइट' नावाचं हलकं रूप मिळतं.

बिनघोर चालण्याच्या बाबतीत, सरकारी पोर्टलना क्रोम आणि एज बरे. माझं अंगठा घ्यायचं थंब मशीन फायरफॉक्सवर अडकायचं, एजवर लगेच धरलं. जुन्या काळी इंटरनेट एक्सप्लोररसाठी बांधलेली एखादी साइट असेल तर एजमध्ये आयई मोड आहे, एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला बंद झाला तरी हा मोड निदान २०२९ पर्यंत राहणार. ४ जीबी रॅमवर पंधरा टॅब उघडल्या की सगळेच धापा टाकतात, पण एज पडून असलेल्या टॅब झोपवतं ते मला जास्त जमलेलं वाटतं (क्रोमला मेमरी सेव्हर आहे, तो चालू आहे का बघून घ्या). एजमधल्या शॉपिंग आणि बातम्या मात्र पहिल्याच दिवशी बंद करा. लाइट गेली तर टॅब तिघंही परत आणतात, पण पोर्टलचं लॉगिन संपलेलं असतं, फॉर्म पहिल्यापासून.

मोबाइलवर कुणाकडं अजून यूसी ब्राउझर असेल तर काढून टाका, जून २०२० पासून भारतात बंदी आहे त्यावर.

अण्णांच्या ऑफिसात शेवटी असं लावून दिलं : जीएसटी आणि बाकी पोर्टल एजमध्ये, बँक फक्त फायरफॉक्समध्ये, एकही एक्स्टेन्शन नाही, प्रायमरी पासवर्ड अण्णांनी स्वतः टाकला, मी तोंड फिरवून उभा राहिलो. गोडाऊनमध्ये विंडोज ७ चं दुसरं मशीन होतं, त्यावरची बँकेची खूण (बुकमार्क) पुसली, ते मशीन आता फक्त वजनाच्या पावत्या काढतंय.