लेन्स टिंट करायला कोणतं साधन घ्यावं: द्रवाची टाकी, कोरडी टाकी की हॉटप्लेट?

चष्म्याची प्लास्टिकची लेन्स टिंट करणं, म्हणजे रंगवणं, वरवर सोपं असतं. गरम रंगात बुडवायची, हवा तेवढा गडदपणा आला की काढून धुवायची. कसोटी लागते ती जोडीतली एक लेन्स तडकली आणि तीन आठवड्यांनी तिच्याच रंगाची दुसरी करायची वेळ आली की. साधन निवडताना मी हाच प्रसंग डोळ्यांसमोर ठेवतो.

सीआर-३९ या चष्म्याच्या नेहमीच्या प्लास्टिकची लेन्स रंग नीट पिते ती साधारण 90 ते 96 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात. त्याखाली रंग चढायला फार वेळ लागतो. वर गेलं की रंग उकळतो, बुडबुडे लेन्सला चिकटतात आणि तिथे फिकट ठिपके राहतात. म्हणजे गरम तर सगळीच साधनं करतात, पण या पाच-सहा अंशांत तासन्‌तास टिकून राहणं सगळ्यांना जमत नाही.

हॉटप्लेटपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची सुरुवात तिथेच होते. जागा कमी लागते, लवकर तापते, आठवड्याला दोन-चार जोड्या असतील तर भागतं. पण उष्णता फक्त तळातून येते. हे रंग पाण्यात विरघळत नाहीत, बारीक कण होऊन तरंगत असतात. ढवळलं नाही की खाली बसतात आणि तापलेल्या तळाला धरतात. माझी एक तपकिरी जोडी अशीच बिघडली होती: लेन्सचा खालचा भाग गडद, वरचा फिकट, आणि मी मात्र बटणावरच्या आकड्यावर विसंबून होतो. तो आकडा प्लेटचा असतो, रंगाचा नव्हे. हॉटप्लेटच घ्यायची तर चुंबकाने ढवळणारी घ्या, किंवा रंगाचं भांडं गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवा. मायक्रोवेव्हचा विचार सोडाच. तो रंग तापवतो, पण तापमान धरून ठेवत नाही.

द्रवाच्या टाकीत स्टीलची भांडी उष्णता धरणाऱ्या खास द्रवात बुडालेली असतात. भांड्याला चहूबाजूंनी सारखी ऊब मिळते. दिवसभर एकामागून एक लेन्स आत-बाहेर झाल्या तरी तापमान फारसं ढळत नाही. ग्रेडियंट, म्हणजे एका बाजूला गडद आणि दुसरीकडे हळूहळू फिकट होत जाणारा रंग, करताना तर मला हीच टाकी आवडते. लेन्स हळूहळू वर-खाली करत असताना रंगाची ताकद मध्येच बदलली, तर कडेची छटा सलग उतरत नाही, पायरी दिसते. या टाकीत तसं सहसा होत नाही.

तिची कटकटही आहे. सकाळी तापायला बराच वेळ लागतो. द्रव जुना झाला की काळा पडतो, वास मारतो, मग बदलावा लागतो. खोलीत हवा खेळती हवीच. द्रव रंगापेक्षा जास्त तापलेला असतो, त्यामुळे त्यात पाणी पडलं तर उडतं आणि हात भाजतो. भांडं उचलण्याआधी टाकी थंड होऊ द्या. पडद्यावरचं तापमान द्रवाचं आहे की रंगाचं हेही तपासा, कारण रंग त्याहून काही अंश थंड असतो.

कोरड्या टाकीत द्रवच नसतो. धातूचा ठोकळा किंवा भांड्याच्या भिंतीला लावलेली कॉइल थेट तापवते. लवकर तापते, सांडलवंड नाही, वास नाही. काही यंत्रांत प्रत्येक भांड्याला वेगळा थर्मोस्टॅट असतो, म्हणजे एकीकडे रंग आणि दुसरीकडे रंग उतरवणारा न्यूट्रलायझर आपापल्या तापमानाला ठेवता येतो. मात्र भांडं ठोकळ्यात घट्ट बसायला हवं. मध्ये पोकळी राहिली की ती बाजू थंड पडते. विकत घेण्याआधी भांडं बसवून हलवून बघा.

रोज आठ-दहा जोड्या आणि त्यात ग्रेडियंट असतील तर मी द्रवाची टाकी घेईन. काम अधूनमधून येत असेल, किंवा खोली लहान आणि बंद असेल, तर कोरडी. दोन्हींवर झाकण हवंच. पाणी उडून रंगाची पातळी उतरते आणि ग्रेडियंटची रेघ सरकते. भर घालायची तीही गरम डिस्टिल्ड पाण्याची. थंड पाणी ओतलं की रंग पुन्हा तापेपर्यंत थांबावं लागतं.

पॉलिकार्बोनेटच्या लेन्स जास्त येत असतील तर मात्र साधनाआधी लेन्स बघा. ते प्लास्टिक स्वतः रंग जवळजवळ पीतच नाही, चढतो तो वरच्या टिंट होणाऱ्या कोटिंगवर. कोटिंग तसं नसेल तर महागातली टाकीही तिथे काही करू शकत नाही.