रूट कॅनाल + झिरकोनिया कॅप, नऊ महिने वापरून झाल्यावर

कॅप, म्हणजे दाढेवर चढवायचं टोपण, माझं झिरकोनियाचं (कडक पांढऱ्या सिरॅमिकचं), ती बसवल्यावर दुसऱ्याच दिवशी लिहिणार होते, पण तेव्हा लिहिलं असतं तर 'एकदम मस्त, अजिबात दुखलं नाही' एवढंच लिहिलं असतं. आता नऊ महिने झालेत आणि या दाढेनं मला बरंच काही शिकवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खालची डावी पहिली मोठी दाढ. ही साधारण सहाव्या वर्षी येते, दुधाचा दात न पडता मागं नवीनच उगवते, त्यामुळे घरच्यांना वाटतं ही पण पडणारच आहे आणि तिच्याकडं कोणी बघत नाही. माझ्या या दाढेत कॉलेजला असताना भरलेली चांदी होती, तिच्या खाली कधी कीड गेली कळलंच नाही.

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात ठणका सुरू झाला. दिवसभर बरं, रात्री आडवं झालं की सुरू. लवंगेचं तेल लावून झालं, मीठ-पाणी झालं, शेवटी फ्रीजचं पाणी तोंडात धरलं की बरं वाटतंय हे कळलं आणि मी रात्री दीड वाजता तांब्या घेऊन किचनच्या ओट्यापाशी उभी, घोट गरम झाला की थुंकायचा, परत नवीन घ्यायचा. नंतर डॉक्टर मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "गारानं बरं वाटत होतं म्हणजे नस वाचण्यापलीकडं गेली होती." मी मात्र मेडिकलमधून कोणीतरी सांगितलेल्या अँटिबायोटिक गोळ्या आणल्या, चौथ्या दिवशी ठणका गायब, मी खूश. गोळ्यांनी बरं झालंच नव्हतं, आतली नस मेली म्हणून दुखायचं थांबलं होतं. इन्फेक्शन मुळाच्या टोकाला जाऊन बसलं आणि दोन आठवड्यांनी गाल सुजला.

शेवटी रूट कॅनाल करावंच लागलं, म्हणजे आतली खराब नस काढून मुळांतल्या नळ्या साफ करून भरतात ते. त्याबद्दल लोक जे घाबरवतात ना, ते तेवढं नाही हो. भुलीचं इंजेक्शन टोचतं तेवढंच. नंतर छाती जरा धडधडली तर घाबरू नका, बऱ्याचदा त्या औषधातल्या अ‍ॅड्रेनलिनमुळं होतं, दोन-चार मिनिटांत थांबतं, फक्त हार्टचा किंवा बीपीचा त्रास असेल तर आधी सांगायचं. ओठ तीनेक तास सुन्न होता, तेवढ्यात मी चहाबरोबर स्वतःचा गाल चावून घेतला, तर भूल उतरेपर्यंत काही खाऊ नका. दाढेत चार नळ्या निघाल्या, तीन सिटिंग झाल्या, नंतर तीन दिवस चावताना दुखलं. संपलं.

चूक पुढं झाली आणि ती पूर्ण माझी. मॅडमनी टेम्पररी फिलिंग करून सांगितलं होतं की दोन आठवड्यांत कॅपसाठी या. पण दुखत नव्हतं, दसरा झाला, ऑफिसचं ऑडिट, मग फराळाची तयारी, आणि नऊ हजार अजून घालायचे जिवावर आलेलं हेही खरं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चकली खाताना कटकन आवाज आला, मला वाटलं चकली कडक झालीय, जिभेवर बघते तर दाढेचा तुकडा. कीड काढून आणि आत जायला भोक पाडून दाढ आधीच पोकळ झालेली असते, चारी बाजूंच्या भिंती पातळ, त्यात चावायचा जोर. तुकडा हिरडीच्या वर तुटला म्हणून वाचले, खाली मुळापर्यंत चीर गेली असती तर दाढ काढायला लागली असती आणि सगळे पैसे पाण्यात. टेम्पररी फिलिंग झिजून आत लाळ गेली तरी इन्फेक्शन परत होऊ शकतं. तर रूट कॅनाल ठरवताना कॅपचे पैसे त्याच्यातच धरा, वेगळे समजूच नका. मला रूट कॅनाल ५५००, तुटलं म्हणून बिल्ड-अपचे, म्हणजे तुटलेला भाग परत भरून उभा करायचे, १५०० वर, आणि झिरकोनिया कॅप ९०००. परवडत नसेल तर मेटलवर सिरॅमिक चढवलेली स्वस्तात होते, पुढच्या दातांना वर्षांनी हिरडीपाशी काळी रेघ दिसू शकते, पण मागच्या दाढेला कोण बघतंय. मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज, मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल, तिकडं नागपूरचं सरकारी कॉलेज, इथं खूप कमी पैशात काम होतं, वेळ मात्र काढून जायचं.

कॅप बसवताना निळा कागद दातात देतात आणि "टक टक टक चावा" म्हणतात. जिथं जास्त निळं उमटतं तिथं कॅप उंच आहे, ते घासतात. मी भुलीत होते, म्हटलं हो हो बरोबर आहे. दोन दिवसांनी कळलं की तोंड मिटलं की आधी तीच दाढ टेकतेय, पण परत कुठं जायचं म्हणून आठवडा काढला आणि कानापाशी जबडा दुखायला लागला. गेले तर दोन मिनिटांचं काम, पैसेही घेतले नाहीत. लाजू नका.

आणि आता जे कोणीच आधी सांगितलं नव्हतं. कॅपला कीड लागत नाही, पण कॅप जिथं हिरडीपाशी संपते तिथून खाली आपलाच दात आहे, त्याला लागते. आणि त्या दाढेत नस नाही, त्यामुळे लागली तरी दुखणार नाही! कॅपबरोबर दहा वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड मिळालंय, ते कॅप फुटली तर, खालची दाढ किडली तर नाही. चौथ्या महिन्यात माझ्या कॅपच्या मागच्या फटीत मेथीची भाजी अडकायला लागली, रोज. कॅप आणि शेजारच्या दाढेत जेवढा घट्टपणा पाहिजे तेवढा राहिला नव्हता. मी टूथपिकनं कोरत बसले आणि हिरडीच सुजवली. एकदा इंटरडेंटल ब्रश, म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू असतं तसा, घालून बाहेर काढला आणि वास घेतला. सांगत नाही कसा होता. तेव्हापासून रोज रात्री न चुकता. साइज डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, जबरदस्तीनं घुसवायचा नाही. मॅडम म्हणतात शेजारच्या दाढेला फिलिंग करून फट बुजवता येईल, त्याचं मी अजून ठरवलेलं नाही.

त्याआधी मी २२०० रुपयांचा वॉटर फ्लॉसर घेतला होता. अडकलेलं अन्न निघतं, मजाही येते, पण दाताला चिकटलेला बुळबुळीत थर नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं नीट जात नाही. खरकटं भांडं नळाखाली धरलं आणि घासलंच नाही तर कसं राहतं, तसं. ब्रेसेसवाल्या भाचीला मात्र उपयोग झाला.

बाकी ब्रश सॉफ्ट घेतला, रात्रीचा ब्रश चुकवत नाही, आणि पेस्ट थुंकल्यावर खळखळून चूळ भरणं बंद केलं, कारण फ्लोराइड दातावर राहायला पाहिजे. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "शी, तोंड न धुता झोपतेस?" त्यांचं स्वतःचं सकाळी मिश्रीशिवाय चालत नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, दात घासायची पावडर नाही, हे त्यांना पटवता पटवता मी थकले. क्लीनिंगनं दात हलतात असंही त्यांचं म्हणणं. कीटण निघाल्यावर त्याच्या मागं लपलेली फट दिसते आणि आधीच सैल असलेला दात हलल्यासारखा वाटतो, दोन-चार दिवस गार झोंबतं, बस. त्यांना शुगर आहे, आणि शुगर वाढलेली असली की हिरड्या लवकर खराब होतात, म्हणून शेवटी ओढत नेलंच. मॅडमनी गाल, जीभ सगळं आतून तपासलं, मिश्री-तंबाखूवाल्यांनी पांढरा चट्टा किंवा दोन आठवडे न भरणारी जखम दिसली की लगेच दाखवायचं म्हणून बजावलं. मिश्री दोनवरून एकदा झालीय. बघू.

गेल्या महिन्यात माझा परत एक्स-रे काढला. आधीच्या फोटोत मुळाच्या टोकाला काळा गोल डाग होता, म्हणजे तिथलं हाड खाल्लं गेलेलं, तो आता जवळपास भरत आलाय. मॅडमनी दोन्ही फोटो शेजारी लावून दाखवले, मी मोबाईलवर फोटोचा फोटो काढून घेतला. भडंग आता डाव्या बाजूनं खाते, चकली मात्र अजून उजवीकडूनच.

वॉटर फ्लॉसर भाची घेऊन गेलीय, चार्जर माझ्याकडंच राहिलाय.