सात महिने उशाशी: 'एलियस ग्रेस'

गौरी-गणपतीत घेतलेलं हे पुस्तक आता तिसऱ्यांदा वाचून झालं. पहिल्या वाचनानंतर लगेच लिहिलं असतं तर 'भन्नाट रहस्यकथा' म्हणून मोकळी झाले असते. बरं झालं, कंटाळा केला.

मार्गारेट अ‍ॅटवुडची ही १९९६ची कादंबरी, पण खटला खरा. १८४३, टोरांटोजवळचं रिचमंड हिल. थॉमस किनीअर आणि त्याचं घर सांभाळणारी नॅन्सी माँटगोमेरी, दोघांचा खून. नोकर मॅकडरमॉट फासावर गेला. सोळा वर्षांच्या आयरिश मोलकरणीची, ग्रेस मार्क्सची, फाशी टळून जन्मठेप झाली. माफी मिळाली ती थेट १८७२मध्ये.

तळघर, वेड्यांचं इस्पितळ, संमोहन असा गॉथिकचा, म्हणजे जुन्या गूढ-भयकथांचा, सगळा सरंजाम आहे. मला मात्र धरून ठेवलं ग्रेसच्या सुईनं. कादंबरीतला डॉक्टर समोर बसून विचारतो आणि ही रजईचे तुकडे शिवत बोलते. भागांना नावंही रजईच्या नक्षींची. माझी आजी गोधडी शिवताना अशीच बोलायची. मान खाली, टाका चालू, आणि नको तो प्रश्न आला की दोरा ओवायला चष्मा शोधायची.

दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. धुणी, चादरी, कुणाच्या अंगावर काय होतं, सगळं बाईला आठवतं. नेमका खुनाचा वेळ तेवढा धूसर. पहिल्यांदा कीव आली होती, आता रागच आला. पकडली गेली तेव्हा हिच्याकडे नॅन्सीचे कपडे होते! तिसऱ्यांदा राग वळला डॉक्टरवर. प्रेतं सापडली ते तळघर आठवावं म्हणून तो तिच्यापुढे बटाटा, बीट ठेवतो आणि ती भाजीबद्दलच बोलते. प्रत्येकाला तिच्याकडून काहीतरी हवंय, आणि ती प्रत्येकाच्या पानात थोडं थोडं वाढते.

डॉक्टर आणि त्याची घरमालकीण हे प्रकरण मला रटाळ वाटलं. नंतर ती पानं सरळ उलटली. उलट ग्रेसची मैत्रीण मेरी व्हिटनी मरते तो भाग तिन्ही वेळा दिवसाच वाचला. आत्मा बाहेर जावा म्हणून खिडकी उघडायची असते, ती उघडायची राहून जाते. बास, एवढंच. रात्री नकोच.

खुनी कोण याचा चोख निकाल हवा असेल तर या वाटेला जाऊ नका.

छपाई बारीक आहे. माझ्या प्रतीची मधली पानं सुटलीत, डिंकाने कशीबशी बसवलीत. त्यामुळे वहिनी, वाचत असशील तर, तुझी तू विकत घे.