चॅपल हिलजवळचा स्पोर्ट्स बार: पाचपैकी साडेतीन तारे

२ एप्रिल २०२२, शनिवार. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांचे बास्केटबॉल संघ म्हणजे जेमतेम दहा मैलांवरचे शेजारी, पण एनसीएए या देशभरच्या कॉलेज स्पर्धेत पहिल्यांदाच समोरासमोर, तेही थेट फायनल फोरमध्ये, म्हणजे उपांत्य फेरीत! मॅच न्यू ऑर्लिन्सला, रात्री पावणेनऊनंतर. आम्ही चारलाच टेबल धरलं, तरी निम्मा बार कॅरोलिनाच्या फिक्या निळ्या टी-शर्टांनी भरलेला. आमचे चिरंजीव ड्यूकवाले. गडद निळा टी-शर्ट जॅकेटखाली, चेन गळ्यापर्यंत लावलेली.

विंग्ज झकास. वरून कुरकुरीत, आत रसाळ, सॉस असा की मिसळीची तर्री आठवावी. फ्राइज मात्र गार आणि मऊ. दोनदा सांगितलं, दोनदा त्याच आल्या.

खरी तक्रार टीव्हीची. आधीची कॅन्सस-व्हिलानोव्हा मॅच सुरू असताना लक्षात आलं, की आमचा पडदा मोठ्या पडद्यापेक्षा चार-पाच सेकंद मागे आहे. तिकडे आरडाओरडा होऊन जायचा, इकडे बॉल अजून हवेतच. ड्यूकचे निवृत्त होणारे प्रशिक्षक कोच के यांची ही शेवटची मॅच ठरू शकते, आणि ती अशी शिळी बघायची? वेट्रेसला विनवलं. बिचारीने स्टूल आणून बारपाशी जागा करून दिली. अर्धा तारा तिचा.

कॅरोलिना ८१-७७ने जिंकली. चिरंजिवांनी उरलेले विंग्जही बांधून घेतले नाहीत.