‘वकील कशाला? उगाच खर्च!’

सातबारा नावावर चढला की पाताळापर्यंत जमीन आपली, ह्या समजुतीत मी सांगोल्यात वाढलो. त्याच समजुतीत २०१६ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात चिंचिलाजवळ चार गुरं पाळायला साठ एकर घेतली. इथे जमिनीखालचा गॅस सरकारचा. सरकार कंपनीला परवाना देतं, आणि त्या कंपनीला मालक ‘नको’ म्हणूच शकत नाही. करारात अटी आणि भरपाई तेवढ्या ठरवता येतात.

त्या अटींतच मी फसलो.

कंपनीचा माणूस पहिल्यांदा आला तो बूट दाराबाहेर काढून. आम्ही तिथेच विरघळलो. हिने चहा-चिवडा दिला, त्याने पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. तिसऱ्या खेपेला गाडीच्या धुळकट बॉनेटवर बोटाने चौकोन काढून म्हणाला, ‘‘गॅसची विहीर इथे, कुंपणाच्या कोपऱ्यात. तुम्हाला कळणारसुद्धा नाही.’’ वकिलाला दाखवतो म्हटलं, तर, ‘‘वकील कशाला? उगाच खर्च! शेजाऱ्यांनीही ह्याच रकमेला सही केलीय. शुक्रवारपर्यंत द्या म्हणजे काम अडणार नाही.’’ त्याच बॉनेटवर मी सही केली. कागद पस्तीस-चाळीस पानांचा, वाचली असतील चार.

विहीर खरंच कोपऱ्यात आहे. पण तिच्याकडे जाणारा रस्ता कुरणाच्या मधोमध, गुरांच्या तळ्यापासून कुरण तोडत. तो जोडलेल्या नकाशावर होता, तुटक रेघेत. कोळशाच्या थरातलं पाणी उपसून दाब उतरवला की गॅस सुटतो, त्यामुळे ट्रक आणि पंप कायमचेच मागे लागतात. धूळ घरात डब्याच्या झाकणावर बसते.

बाकीचं नंतर कळलं, तेही कुंपणापाशी. शेजारचा म्हातारा तीन पिढ्यांचा शेतकरी. त्याच्या शेतातला रस्ता कुंपणाला चिकटून गेलाय. कसा, विचारलं तर म्हणाला, वकील केला होता. आणि पैसे? कंपनीने दिले! कायदाच आहे: अशा वाटाघाटीत मालकाचा वकिलाचा आणि मूल्यमापनाचा वाजवी खर्च कंपनीच्या माथी. म्हणजे तो गोड माणूस खर्च वाचवत होता तो स्वतःच्या कंपनीचा. नोटीस आल्यावर बोलणीला किमान वीस कामकाजाचे दिवस मिळतात, त्यामुळे शुक्रवारची घाईही त्याचीच.

‘‘रक्कम किती मिळाली?’’ म्हातारा हसला. गुप्ततेचं कलम. माझ्याही कागदात आहे. शेजाऱ्याला तेवढंच मिळालं ही थाप पकडणार कोण, दोघांच्याही तोंडाला कुलूप!

सरकारी कार्यालयात फोन केला. उत्तर आलं, हा दोन पक्षांतला खासगी करार. परवाना मात्र सरकारचाच! शेतकरी आणि कंपन्या ह्यांच्यातलं जमवायला राज्याने २०१३ मध्ये खास आयोग नेमला. हा आयोग कायद्याने दिलेली सगळी कामं पार पाडत नाही, असं राज्याच्याच लेखापरीक्षकाने २०२० मध्ये लिहून ठेवलं.

शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये लोकांनी वाट पाहिली नाही. २०१४ मध्ये लिस्मोरजवळ बेंटली इथे हजारो माणसं गॅसविहिरीच्या जागेपाशी तळ ठोकून बसली. सरकारने खोदाईची परवानगी थांबवली, आणि पुढच्या वर्षी अडीच कोटी डॉलर मोजून कंपनीचे परवानेच परत घेतले. तेव्हा मी ब्रिस्बेनमध्ये टीव्हीवर ते बघत ‘रिकामटेकडे’ म्हणालो होतो.

तुमच्यापैकी कोणी इकडे रान घेत असेल तर खरेदीआधी जागेवर कुठला गॅस परवाना आहे ते शोधा. राज्याच्या नकाशात दिसतं. कंपनीचा माणूस आला तर चहा जरूर द्या, सही वकिलाच्या टेबलावर करा, आणि तुटक रेघांवर बोट ठेवून ‘हे काय?’ विचारा.

म्हाताऱ्याने मला गॅसविरोधी आंदोलनाची पिवळी त्रिकोणी पाटी दिली, ‘फाटक बंद करा’वाली. मी ती लावलीय. करारानुसार फाटकाची एक किल्ली कंपनीकडे असते. रोज सकाळी त्यांची गाडी येते, पाटीखालचं कुलूप उघडते आणि आत गेल्यावर फाटक नीट लावून घेते.